सुपारीच्या बागेतल्या टाकीवर फेसाचा गोळा लटकतोय, काय करायचं?

नमस्कार. तुमचा प्रश्न आणि दोन्ही फोटो बघितले. बाकीच्यांसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो. दोडामार्गकडे तुमची सुपारी-काजूची बाग आहे, बागेत उघडी सिमेंटची टाकी आहे आणि टाकीवर आलेल्या जांभळाच्या फांदीला पाण्यापासून चार-साडेचार फुटांवर पांढऱ्या फेसाचा गोळा लटकतोय. चुलतभाऊ म्हणतो विषारी किडीचं घर आहे, फांदीसकट तोडून जाळून टाकू. तुम्हाला वाटतंय बेडकाची अंडी असावीत, तसं असेल तर बादलीत घालून पुण्याला न्यायचीत, मुलीला बेडूक कसा होतो ते दाखवायला. आणि गणपतीच्या आधी टाकी उपसून घासायचीय.

आधी जाळायचं ते थांबवा, प्लीज. किडीचं काही नाही, विषारी तर अजिबात नाही, ते बेडकाचं घरटं आहे. दुसऱ्या फोटोत फांदीच्या मागे हिरवं काहीतरी बसलंय आणि त्याच्या पायाच्या बोटांमध्ये लालसर केशरी पडदा दिसतोय, त्यामुळे मला फारशी शंका उरली नाही. हा मलबार ग्लायडिंग फ्रॉग, मराठीत कोणी मलबारी उडता बेडूक म्हणतात. शास्त्रीय नाव रॅकोफोरस मलबारिकस, १८७० साली जर्डन या प्राणीशास्त्रज्ञानं त्याचं वर्णन केलं आणि जगात तो फक्त पश्चिम घाटात सापडतो. पाठ हिरवीगार, पोट पिवळट, मादी वाढून जवळपास १० सेंटीमीटरची होते आणि नर तिच्याहून लहान. उडता म्हणजे पंख नाहीत त्याला, हातापायांची बोटं पसरली की मधले पडदे छत्रीसारखे ताणले जातात आणि उंचावरून उडी मारली की ९ ते १२ मीटर लांबपर्यंत तरंगत जातो.

मी आंबोली ते तिलारी या पट्ट्यात गेली पंधरा-सोळा वर्षं पावसाळ्यात रात्री फिरून बेडकांच्या नोंदी करतोय. बागायतदारांचे असे फोन दर जून-जुलैत येतात आणि जवळपास सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, घरट्याचं काय करू. त्यांना जे सांगतो तेच तुम्हाला सांगतो. घरट्याला तुमची काहीच गरज नाही, ते नर-मादीनं पुरेसं पक्कं बांधलंय. गरज आहे ती खालच्या पाण्याला. त्या फेसातून जे खाली पडणारे त्याला पुढचे दोन महिने त्या टाकीत काढायचेत, आणि तुमच्या प्रश्नात टाकीबद्दल फक्त ती घासायचीय एवढंच आहे.

आता एक खात्री करून घ्या, कारण कोकणात फेसाचं घरटं करणारा अजून एक बेडूक घराच्या आसपास कॉमन आहे. तो तपकिरी-पिवळसर झाडबेडूक, पॉलिपेडेट्स मॅक्युलेटस, जो न्हाणीघरात, नळाच्या मागे, खिडकीच्या चौकटीत बसलेला सापडतो. तो बऱ्याचदा टाकीच्या भिंतीलाच, पाण्याच्या जरा वर, फेस चिकटवतो. मलबारीचं घरटं बहुतेक वेळा पानांमध्ये असतं, पानं फेसाला चिकटून दुमडलेली असतात आणि लांबून बघितलं तर कोणीतरी पानात काहीतरी गुंडाळून टांगलंय असं वाटतं. तुमच्या फोटोत तसंच आहे. पण समजा माझा अंदाज चुकला आणि दुसराच निघाला, तरी पुढचं सगळं जसंच्या तसं लागू आहे, कारण दोघांचीही पिल्लं खालच्या पाण्यातच पडतात.

फेस येतो कुठून हे मुलीला सांगायला तुम्हाला आवडेल म्हणून जरा सविस्तर लिहितो. पहिले दोन-चार दमदार पाऊस झाले की एरवी झाडांच्या शेंड्यात राहणारे हे बेडूक खाली उतरतात, पाण्याच्या आसपासच्या झुडपांवर नर बसतात आणि बारीक कोरडा टक् टक् असा आवाज काढत राहतात. डबक्यातल्या मोठ्या बेडकांसारखा गावभर ऐकू जाणारा आवाज नाही हा, जवळ उभं राहिलं तरच कळतो. मादी आली की नर तिच्या पाठीवर चढतो आणि त्याला तसंच घेऊन ती फांदीवर जागा बघत फिरते. एकदा मी तिलारीच्या बाजूला एका ओहोळावर रात्री साडेअकरापासून एका जोडीसमोर बसलो होतो, टॉर्चवर लाल कागद लावून. मादीनं आधी पातळ चिकट पाणी सोडलं आणि मग मागचे दोन्ही पाय आळीपाळीनं आतबाहेर फिरवायला लागली, अगदी आपण अंड्याचा बलक काढून पांढरं फेटतो तसं. दहा मिनिटांत पायांभोवती फेस जमा झाला, त्यातच ती अंडी सोडत होती आणि फेटणं चालूच. मध्येच एक दुसरा नर येऊन चिकटला, त्यालाही तिनं झटकलं नाही. शेवटी फेसाचा मोठ्या मुठीएवढा गोळा झाला, आजूबाजूची तीन-चार पानं त्यात ओढली गेली आणि ती एवढी थकलेली होती की निघायच्या आधी बराच वेळ तिथेच फांदीला धरून बसून राहिली.

अंडी फिकट पिवळसर असतात, उघड्या पाण्यात घालणाऱ्या बेडकांसारखी काळी नाहीत. साधारण शंभर-दीडशे, कमीजास्त होतात. फेसाचा वरचा थर वाऱ्यानं सुकून पिवळट तपकिरी पडतो, म्हणूनच चुलतभावाला ते किडीचं घर वाटलं असणार, पण आतून तो ओलाच राहतो आणि अंड्यांना ओल आणि हवा दोन्ही मिळत राहते. पाण्याच्या वर अंडी घालण्याचा फायदा म्हणजे मासे, पाणकिडे, दुसऱ्या बेडकांची पिल्लं यांच्या तोंडी अंडी लागत नाहीत. सगळी संकटं टळतात असं नाही, माश्या फेसात अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या झाल्या की घरटं आतून संपतं, मुंग्याही लागतात. तेव्हा एखादं घरटं वाया गेलं तर तुमची चूक समजू नका.

साधारण आठवडाभरात, पावसावर दोन दिवस इकडेतिकडे, अंड्यातून टॅडपोल, म्हणजे बेडकाची शेपटीवाली पिल्लं, बाहेर येतात आणि फेसातच वळवळत थांबतात. गोळ्याचा तळ मऊ पडून पातळ होतो आणि जोराची सर आली की एकेक करत टपटप खाली पडतात. पाऊस ओढ देऊन बसला तर एक-दोन दिवस जास्त लटकून राहतात. म्हणूनच घरटं नेहमी पाण्याच्या बरोबर वर असतं, मादीनं जागा निवडलीय ती खालची टाकी बघूनच. ती फांदी तेवढी राहू द्या आणि तिला टेकू द्यायला, पाणी मारायला, प्लास्टिक बांधायला जाऊ नका, लोक कौतुकानं असलं सगळं करतात.

आता टाकी. इथे सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे, तुम्ही टाकीचा वापर कशाला होतो ते लिहिलेलं नाही. फक्त बागेच्या शिंपणाला असेल तर काम सोपं आहे. पिण्याचं किंवा घरात वापरायचं पाणी असेल तर वेगळी युक्ती करावी लागेल, ती पुढे सांगतो.

सुपारीची बाग म्हटल्यावर माझ्या डोक्यात सगळ्यात आधी बोर्डो येतं. पावसाळ्यात कोळे रोगासाठी १ टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं पाणी, मारतातच, मारावंही लागतं, फळगळ झाली तर वर्षाचं उत्पन्न जातं हे मला माहितीय. पण मोरचूद म्हणजे तांबं, आणि कल्ल्यांनी श्वास घेणाऱ्या कुठल्याही जिवाला तांबं अगदी थोडंसुद्धा घातक असतं. काही वर्षांपूर्वी एका बागेत मी पाच घरट्यांची नोंद ठेवत होतो, चारातली पिल्लं टाकीत पडलेली, छान शेवाळ खरवडत फिरत होती. तिसऱ्या आठवड्यात गेलो तर सगळी तळाशी पांढरी पडून पसरलेली, कडेला निळसर साका. फवारणीवाल्या गड्यांनी काम संपल्यावर पंप आणि मिश्रणाचा ड्रम त्याच टाकीत बुडवून धुतला होता, बस्स एवढंच. कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं, कोणी सांगितलंच नव्हतं. तेव्हा तुमच्याकडे फवारणी व्हायची असेल तर गड्यांना आदल्या दिवशी सांगा, मिश्रण टाकीपासून लांब करा, पंप बाहेर बादलीत धुवा आणि ते पाणी टाकीकडे वाहून येणार नाही असं टाका. टाकीच्या डोक्यावरच सुपारी असतील तर ती तीन-चार झाडं मारताना टाकीवर ताडपत्री ओढा, काम झालं की लगेच काढा. तणनाशकाचंही तेच, टाकीच्या कडेचं गवत कोयत्यानं कापा.

दुसरं टीसीएल. ग्रामपंचायतीकडून पावसाळ्यात विहिरींसाठी टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर, मिळते आणि उरलेली मुठभर टाकीतही टाकायची सवय असते. क्लोरीननं टॅडपोल मरतात. शिंपणाच्या टाकीत त्याची काही गरज नाही.

तिसरं गप्पी मासे. डासांसाठी सोडतात, हेतू चांगला आहे, पण नुकतं पडलेलं टॅडपोल म्हणजे गप्पीच्या तोंडात मावणारा घास. टाकीत आधीपासून गप्पी असतील तर खरं सांगायचं तर यातली फारच थोडी पिल्लं वाचतील. अशा वेळी मी घरट्याच्या खाली ड्रम ठेवायचा उपाय करतो. निळा प्लास्टिकचा ड्रम मिळतो ना, तो आडवा अर्धा कापायचा, केमिकलचा नको, आणि टाकीवर दोन फळ्या टाकून घरट्याच्या बरोबर खाली ठेवायचा. त्यात पावसाचं साठलेलं पाणी, नाहीतर ओहोळाचं, आणि टाकीच्या भिंतीवरचं शेवाळ खरवडून घातलेलं, चार कुजकी पानं. पिल्लं ड्रममध्ये पडतात. सगळी पडली की ड्रम उचलून सावलीत ठेवायचा आणि पावसाचं पाणी मिळत राहील असं बघायचं. पाणी पिण्याचं असेल तरी हाच उपाय, तुमची टाकी मोकळी राहते आणि पिल्लंही जगतात. ड्रम त्याच बागेत ठेवायचा, कुठे हलवायचा नाही, मोठी होऊन ती तिथल्याच झाडांवर चढणारेत.

हे करताना फांदीकडे आणि फळीखाली नीट बघून हात घाला. बेडकांच्या मागे साप येतात. हरणटोळ आणि दिवड यांना घाबरायचं कारण नाही, पण आपल्याकडे पावसात चापडाही झुडपांवर बसलेला असतो, रंगामुळे पटकन दिसत नाही आणि तो विषारी आहे. टॉर्च मारून फांदी खालून वरून बघायची आणि मगच पुढे जायचं, मी सोळा वर्षांनीही हे चुकवत नाही.

गणपतीआधी टाकी घासण्याचं बघू. पिल्लाचा बेडूक व्हायला साधारण दोन महिने लागतात, पाणी गार असलं आणि खायला कमी असलं तर जास्तही. तुमचं घरटं जुलैच्या सुरुवातीचं आहे, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पाण्यात शेपटीवाली पिल्लं असणार. टाकी पूर्ण उपसली तर सगळी गटारात. माझं म्हणणं, टाकी दसऱ्यानंतर घासा, तशीही पाऊस चालू असताना घासलेली टाकी पंधरा दिवसांत परत हिरवी होते. पाहुणे येणार म्हणून अगदीच करायची असेल तर बाहेरून आणि कठड्यावरून घासा, पाणी तिसऱ्या हिश्श्याच्या खाली नेऊ नका आणि भिंतीचं शेवाळ राहू द्या कारण तेच त्यांचं जेवण आहे. मोटार लावत असाल तर फूटवॉल्वला, म्हणजे पाण्यात बुडालेल्या पायपाच्या तोंडाला, मच्छरदाणीचा तुकडा दोन पदरी गुंडाळून सुतळीनं बांधा, नाहीतर पिल्लं खेचली जातात. ओव्हरफ्लोच्या पायपालाही तसंच, कारण आपल्याकडच्या पावसात टाकी दिवसातून चार वेळा भरून वाहते आणि बारकी पिल्लं त्याबरोबर बाहेर जातात. ही जाळी दर दोन-तीन दिवसांनी साफ करावी लागते, पानं अडकतात.

थोडक्यात इथपर्यंतचं: फांदी तोडू नका, मोरचूद, तणनाशक आणि टीसीएल पाण्यापासून लांब ठेवा, गप्पी असतील किंवा पाणी पिण्याचं असेल तर खाली ड्रम, आणि टाकी दसऱ्यानंतर.

आता पुण्याला न्यायचं. हे नका करू, आणि का ते मला स्वतःच्या अनुभवावरून सांगता येईल. सुरुवातीच्या वर्षांत मला वाटायचं की रस्त्याकडेच्या खड्ड्यावर लटकलेलं घरटं धोक्यात आहे तर आपण घरी आणून वाचवू. फांदी कापून आणली, बादलीवर आडवी ठेवली, ओलं फडकं टाकलं. चौथ्या दिवशी फेस आंबल्यासारखा वास यायला लागला, बुरशी धरली, एकही पिल्लू पडलं नाही. आंबोलीच्या धुक्यात जी ओल हवेतच असते ती खोलीत कुठून आणणार. पुण्यात तर अजून कोरडं. शिवाय जगली तरी पुढे काय? तिथे ही जात राहत नाही, कात्रजच्या ओढ्यात सोडणं हा उपाय नाही. काईट्रिड नावाची बुरशी जगभर बेडकांच्या मुळावर उठलीय, ती पश्चिम घाटातही सापडलेली आहे, तेव्हा एका ठिकाणचं पाणी आणि बेडूक दुसऱ्या ठिकाणी सोडणं म्हणजे न दिसणारा आजार सोबत नेण्यासारखं आहे. आणि जंगली प्राणी असे घरी नेऊन पाळण्यात कायद्याचीही अडचण येते.

एक अपवाद सांगून ठेवतो. वादळानं फांदीच तुटली आणि घरटं जमिनीवर पडलं, तर मात्र हात लावायला हरकत नाही. हात साध्या पाण्यानं धुवा, साबण, तंबाखू, मच्छर पळवायचं क्रीम काही लागलेलं नको. पानांसकट गोळा उचला, टाकीवर किंवा ड्रमवर जाळीचा तुकडा ताणून त्यावर ठेवा, वरून दोन मोठी पानं झाका. थेट पाण्यात टाकू नका, कच्ची अंडी पाण्यात खराब होतात. असं मी चार-पाच वेळा केलंय आणि घरटं ताजं नसून चार दिवसांचं झालेलं असेल तर बऱ्याचदा पिल्लं पडलीत.

मुलीला दाखवायचं असेल तर तिलाच गावी घेऊन जा, दोन वेळा जमलं तरी पुरे. पहिल्यांदा आता, येत्या शनिवार-रविवारी. संध्याकाळी सातनंतर टाकीपासून दहा-बारा फुटांवर छत्री घेऊन बसा, टॉर्चला लाल जिलेटिन लावा, प्रखर लाइट डोळ्यांवर मारू नका, फ्लॅश बंद. नशीब असेल तर नर दिसेल. आणि घरट्याच्या तळाकडे दिवसाउजेडी नीट बघितलं तर फेसाच्या आतून बारीक शेपट्या हलताना दिसतील, त्या दिसल्या म्हणजे एक-दोन दिवसांत पडणार. तो टपटप पडण्याचा क्षण सापडला तर मुलगी जन्मात विसरणार नाही, मला पहिल्यांदा दिसला तेव्हा मी चिंब भिजून दोन तास तिथून हललो नव्हतो.

दुसऱ्यांदा गणपतीत. तेव्हा पिल्लांना आधी मागचे पाय फुटलेले दिसतील, मग पुढचे. पुढचे पाय आले की ती खाणं बंद करतात आणि शेपटी आतल्या आत जिरवून त्यावर जगतात. त्या दिवसांत टाकीच्या भिंतीवर, कडेच्या गवतावर अंगठ्याच्या नखाहून थोडी मोठी हिरवट पिल्लं चिकटलेली दिसतात, मागे शेपटीचा तुकडा लोंबत असलेली. या जातीच्या बोटांना चिकट गाद्या असतात त्यामुळे सिमेंटची भिंत ती चढून जातात, पण टाकीत पडलेले बाकीचे साधे बेडूक चढू शकत नाहीत आणि पोहून पोहून मरतात, त्यांच्यासाठी एक खडबडीत काठी किंवा सुंभाची जाड दोरी पाण्यापासून कठड्यापर्यंत लावून ठेवा. कठड्यावर बसलेली पिल्लं उचलून झाडावर ठेवायची घाई करू नका, शेपटी जिरली की रात्री ती आपली आपण निघून जातात.

आणि त्या जांभळाचं. बाहेर पडलेली पिल्लं त्याच्यावरच चढणार आहेत, आणि पुढचे आठ-नऊ महिने ती कोणालाही दिसणार नाहीत. तुमच्या पट्ट्यात जंगल तुटून रबर आणि अननस किती लागलाय ते तुम्ही रोज बघता. सलग रबराच्या बागेत मला पावसाळ्यात रात्रभर फिरून हा बेडूक क्वचित भेटतो, पण सुपारीच्या बागेत कडेनं जांभूळ, आंबा, किंजळ अशी जुनी झाडं ठेवलेली असली आणि एखादी उघडी टाकी असली तर हमखास भेटतो. चुलतभाऊ सावली पडते म्हणून ते झाड काढायचं म्हणत असेल तर त्याच्याशी जरूर बोला. आमच्याकडे एक म्हातारे बागायतदार आहेत, त्यांच्या टाकीवर दरवर्षी घरटी असतात आणि नवीन गडी आला की ते पहिल्याच दिवशी त्याला बोट दाखवून सांगतात, "तां बेब्याचां घर आसा, हात लावू नको." तुमच्या चुलतभावालाही एकदा रात्री टाकीवर घेऊन बसा. अंधारात तो केशरी पायांचा बेडूक डोळ्यांसमोर चालताना बघितला की जाळायचं नाव तो काढणार नाही असं मला मनापासून वाटतं.

टाकीचा वापर कशासाठी होतो आणि आत गप्पी आहेत का तेवढं कळवा. घरट्याचा तळ मऊ पडलेला दिसतोय, म्हणजे ड्रम ठेवायचा असेल तर आज-उद्याच ठेवावा लागेल.